अंशतः खरे आहे

मगदूम सर अपक्ष निवडून आले त्या साली
लक्ष्मीपुरीत माझं टायपिंगचं दुकान होतं,
खाली मिरचीची वखार, जिन्यात कायम खकाणा.
सर शिंकत वर यायचे,
पिशवीतून चार घड्यांचा कागद काढायचे,
म्हणायचे, "शालन, चार प्रती. कार्बन नवा घाल."

पक्ष नव्हता, म्हणून कचेरी नव्हती.
माझं स्टूल हीच कचेरी.
पक्ष नव्हता, म्हणून वरच्या सभागृहात बाक शेवटचा
आणि बोलायला दोन मिनिटं,
त्यातलं अर्धं "सभापती महोदय" म्हणण्यात जायचं.
सर हे हसत सांगायचे. जन्मभर भूमिती शिकवलेला माणूस.
बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, पण जागा असते,
बिंदू चौकात राहणाऱ्याला हे काय सांगायचं.

प्रश्न विचारायचीही एक रीत असते.
माझ्या बोटांना ती पाठ झाली:
हे खरे आहे काय,
असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय,
नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?
माझ्या मशीनवर प्रश्नचिन्ह ओळीच्या जरा वर उडायचं.
सर म्हणायचे, असू दे, तेवढं तरी डोकं वर काढेल.

भुदरगडातल्या एका शाळेत बाबालाल मुजावर
प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायचा.
अकरा वर्षं. बिनपगारी.
मुख्याध्यापक ईदला आणि दिवाळीला
स्वतःच्या खिशातलं पाकीट द्यायचे
आणि रोज हजेरीवर सही घ्यायचे.
सरांनी त्याचं नाव लिहून आणलं, मी टाईप केलं.

मुंबईहून परत आलं: व्यक्तीचा नामोल्लेख वगळावा.
वगळला. झाला "एक प्रयोगशाळा परिचर".
पुन्हा परत: बाब एका संस्थेपुरती आहे.
मग शाळा गेली, गाव गेलं, बाटल्या गेल्या,
उरले "राज्यातील काही कर्मचारी".
खोडरबरानं कागद इतका झिजला
की उजेडाला धरला तर पलीकडची वखार दिसायची.

नागपूरच्या अधिवेशनात नंबरच लागला नाही.
प्रश्न व्यपगत. तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला,
उच्चारताना ओठ मिटतात आणि काही हाती लागत नाही.
पुढच्या वेळी नंबर लागला तर कुणीतरी राजदंड उचलला,
सभागृह दिवसभरासाठी तहकूब.
पुन्हा कागद. पुन्हा चार प्रती.
पैसे सर दर खेपेला द्यायचे, सुट्टे मोजून,
आणि पावती मागायचे.

उत्तर आलं तेव्हा बाबालाल माझ्याच जिन्यात उभा होता,
चपला हातात घेऊन.
सरांनी वाचून दाखवलं, वर्गात वाचावं तसं:
(१) हे अंशतः खरे आहे.
(२) बाब शासनाच्या विचाराधीन आहे.
(३) प्रश्न उद्भवत नाही.

बाबालालनं बराच वेळ विचार केला.
"अंशतः म्हंजे कुठला अंश, सर?
बाटल्या धुतल्या त्यो, का पगार न्हाई त्यो?"

"उपप्रश्न चांगला आहे," सर म्हणाले,
आणि टोपण काढून लिहून घेतला.

दोन वर्षांनी शाळेला वीस टक्के अनुदान आलं.
बाबालाल पाव किलो पेढे घेऊन आला.
"अंश कळला," म्हणाला.

दुसऱ्या खेपेला सर दोनशे तेरा मतांनी पडले.
आता सकाळी रंकाळ्यावर भेटतात,
पालिकेचा बंद दिवा दिसला की थांबतात,
पुटपुटतात: असल्यास, नसल्यास.

मशीन मी भंगारात घातलं. कागद ठेवले.
चौथी प्रत नेहमी माझ्याकडं राहायची,
पहिल्या खर्ड्याचीही आहे, नाव वगळण्याआधीची.
चौथ्या प्रतीपर्यंत अक्षर पुसट होतं, जोर पोचत नाही.
बाबालाल वाचता येतं.
मुजावर अंशतः.