खाडाखोड

कोर्टाच्या फाटकाशी, झेरॉक्सवाल्याच्या सावलीत माझं टेबल.
त्यावर मराठी मशीन, 'ळ' जरा वर उडणारा.
सहा वर्षांपूर्वी दफेदार शेडगे आले,
'बाई, घोडेस्वारीचा वर्ग काढलाय गोडोलीला.
पालकांचं हमीपत्र पाहिजे.'

माझ्याकडे पोहण्याच्या तलावाचं तयार होतं.
पाणी काढलं, घोडा घातला.
'पाल्यास इजा, अपंगत्व वा मृत्यू आल्यास
संस्था जबाबदार राहणार नाही.'
घडीव ओळ. मला आवडायची.
फक्त कलम सहात राहून गेलं:
'खोलीची पूर्वकल्पना देण्यात आली आहे.'
दोनशेवर पालकांनी सह्या केल्या.
घोड्याला खोली किती, कुणी विचारलं नाही.

मग इंगवल्यांची स्वरदा पडली. नऊ वर्षांची.
कोपरात दोन सळ्या,
हात वेणीपर्यंत पोचत नाही.
ग्राहक आयोगातली तक्रारही माझ्याच मशीनवर.
सोबत जोडपत्र 'अ': माझंच हमीपत्र.
आई म्हणाली, 'सही माझीच आहे हो.
उशीर होत होता. स्कूटरच्या सीटवर ठेवून केली.'
'जबाबदार'मधला एक 'ब' गाळला
की 'जाबदार' होतो.
त्यापुढे मी दफेदारांचं नाव टाइप केलं.

शुक्रवारी ते स्वतः आले, वकिलांचा मसुदा घेऊन.
'घोडी अचानक बुजली. जनावराच्या स्वभावास
जाबदार उत्तरदायी नाही.'
टाइप झालं. कागद अजून मशीनमध्येच होता.
ते म्हणाले, 'मोसंबी बुजत नाही, बाई.
तिच्या कानाशी माळ लावा फटाक्यांची.
तंग कुजला होता, बक्कलापाशी.
सोमवारी दिसला होता मला.
म्हटलं, एवढा आठवडा काढंल.'

'वकिलांना विचारलंत?'
ते झेरॉक्सच्या उजेडाकडं बघत राहिले.
'खोडा ते.'

मशीनला खोडता येत नाही, झाकता येतं.
त्या दोन ओळींवर फुल्या मारत गेले,
खाली त्यांनी सांगितलं ते घातलं, तंग, सोमवार, सगळं.

खाडाखोडीला समासात सही लागते.
त्यांनी चष्मा पुसला,
अख्खा गठ्ठा वाचला, ओठ हलवत.
माझ्या टेबलावर इतकं वाचणारा
मी दुसरा पाहिला नाही.
जोडपत्र 'अ'पाशी थांबले.
'हे खोलीचं काय, बाई?'

'चूक आहे. माझी.'

त्यांनी पेन पुढं केलं,
आणि मग दोघांनाही कळेना
त्या कागदावर सही कुठं करायची.