मागं ना पुढं

खडकाईच्या नथीतला लाल खडा चोरीला गेला
तेव्हा गावातलं कुणीच चौकीवर गेलं नाही.
गाभाऱ्यातली मोडीतली ओळ
अडाण्यालाही पाठ होती:
खडा ज्याच्या उंबऱ्याआत, त्याचा वंश बुडाला.

पारावर बैठक बसली. लेकुरवाळे सगळे जमिनीकडं बघत.
सरपंच सुपारी कातरत म्हणाले,
"मुंजाजीला धाडा. अन् त्या वाचनालयवाल्याला.
त्यांना काय, मागं ना पुढं."
कुणीतरी फस्सकन हसलं.

मुंजाजी विहिरी खणायचा. पँटीची माती झटकत उठला,
म्हणाला, "चला, गुरुजी."
चार वर्षं तो मला चारचौघांत गुरुजी म्हणायचा
आणि विहिरीच्या तळातून रत्न्या,
तिथं हाक घुमते म्हणून.

मी रहस्यकथा भाड्यानं देणारा माणूस.
शेवटच्या पानावर नायकाला नायिका मिळायची,
ते पान मी कधी वाचलंच नाही.
आता राजदूतवर मागं बसून
त्याच्या पाठीचा घाम नाकाला लागत होता
आणि पुढं काय होणार ते ठाऊक नव्हतं.

औशाच्या सराफानं खडा बघितला होता,
हात लावला नव्हता.
लोहाऱ्यात पंक्चर. चहावाला म्हणाला, "कुठं निघालाव दोघं?"
"शाप आणायला," मुंजाजी म्हणाला,
आणि चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत.

चोर सापडला नळदुर्गात. बंकट, घड्याळं दुरुस्त करायचा.
आम्हाला बघून पळाला नाही, रडला.
आत बायको, सातवा महिना.
खडा घरात ठेवायची छाती झाली नव्हती त्याची,
किल्ल्यात, पाणीमहालाच्या एका कोनाड्यात कोंबला होता,
आणि मग बोरीला पूर आला.

नर आणि मादी, दोन्ही धबधबे फेसाळत होते.
मुंजाजी बराच वेळ बघत राहिला.
"ह्यातली आपली कोणती रं?"
त्या आवाजात मी हसलेलं त्याला ऐकू गेलं नाही.

दोर माझ्या कमरेला, दुसरं टोक त्याच्या.
दोन हिसके म्हणजे जिवंत, तीन म्हणजे ओढ.
शेवाळ, वटवाघळं, पाण्याची भिंत.
तो तिच्याआड गेला आणि मी मोजत राहिलो,
दोनशेपर्यंत, पुन्हा एकपासून.
दोन हिसके आले.
थोड्या वेळानं आणखी दोन, काही कारण नसताना.

रात्री लॉजवर रजिस्टरात नात्याच्या रकान्यात
मी लिहिलं: सहकारी.
खडा काडेपेटीत, काडेपेटी दोन उशांच्या मधे.
मी म्हणालो, "शाप आलाय खरा,
पण बुडवायला काही सापडलं नाही तर काय करील बिचारा?"
"झोपंल," मुंजाजी म्हणाला.

दिवे गेले. पंखा थांबला.
मग अंधारात, छताला सांगावं तसं तो म्हणाला,
"मला एक लेक आवडली असती."
नाव पण सांगितलं. केव्हाचं ठरवलेलं असावं.
ते मी इथं लिहीत नाही.
काडेपेटी बाजूला सारून मी त्याचा हात धरला.
बोटांना अजून कोनाड्यातला चुना लागलेला होता.

गावात पुजाऱ्यानं ताट लांबूनच पुढं केलं.
मुंजाजीनंच मेणानं खडा बसवला,
पहारीची बोटं, आणि नथ जराही हलली नाही.
"काही झालं तर नाही ना?" सरपंचांनी विचारलं.
"काय होणार," मी म्हणालो.

कार्तिकात बंकटला मुलगी झाली.
त्यानं एक जुनं घड्याळ पाठवलं, दुरुस्त करून.
रोज पाच मिनिटं मागं पडतं.
रोज सकाळी चहा उकळेपर्यंत
मुंजाजी ते पुढं करतो.