माया

पट्टा मी शिवते. देशाच्या अध्यक्षाचा.
लाल, पांढरा, निळा; छातीवर येईल असा तारा,
ताडाची एक फांदी, ऑलिव्हची एक.
पाच वर्षांत एकदा येतं हे काम.
मधली वर्षं शाळेचे गणवेश,
असुन्सिओनच्या साहोनिया उतारावर, नदीकडे तोंड करून.

उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत
एवढीच सत्ता, टेपनं मोजली तर.
सैन्य त्याच्या हुकमात, हे मला ठाऊक आहे.
त्याच्या सहीनं कैदी घरी जातो,
कायदा माघारी जातो.
पण पाच दिवसांहून जास्त देशाबाहेर राहायचं
तर सिनेटची चिठ्ठी लागते,
आमच्या तेओफिलोला सहलीला लागायची तशी.

माझ्या वहीत पाच जणांची मापं.
अध्यक्ष, उपाध्यक्ष, सिनेटचा सभापती,
मग खालच्या सभागृहाचा,
मग सर्वोच्च न्यायालयातले म्हातारे.
मरणानं मधेच कुणाला बोलावलं
तर मागच्यानं पुढे सरकायचं, बेकरीच्या रांगेतल्यासारखं.
म्हातारे फार बारीक.
माप घेताना मला हसू आलं, त्यांनाही:
"चौघं गेल्यावर मी, दोन्या एदुविहिस.
तेव्हा शिंपीण नको, आधी डॉक्टर बोलवा."

त्या वर्षी लापाचो लवकर फुलला.
अंगावर पान नाही, सगळा गुलाबी.
एक साहेब आले. बुटांना लाल माती नव्हती,
म्हणजे दारापर्यंत गाडीतून.
थंड तेरेरे पुढे केला, नको म्हणाले.
म्हणाले, "या पट्ट्यात आतून जरा माया सोडा.
चार बोटं. दिसणार नाही अशी.
पुढेमागे उसवून वाढवता येईल."
मी म्हटलं, "साहेब जाड होणार आहेत का?"
"साहेब नाही," ते म्हणाले, "मुदत."

मी टाचण्या तोंडात धरल्या.
तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही.

माया का सोडतात?
पोर वाढतं म्हणून. बाई भरते म्हणून.
ज्याचं वाढणं आपल्याला मान्य आहे, त्याला सोडतात.
आमच्या राज्यघटनेत त्या जागी एक शब्द आहे, 'एकदाच',
आणि त्याच्या कडेला कापड नाही.
ज्यांनी तो घातला
त्यांनी पस्तीस वर्षं एकच खांदा बघितला होता.
माझ्या वडिलांनी त्या खांद्यासाठी अकरा कोट शिवले,
शेवटचे तीन माप न घेता.
सवयीनं.

टाचण्या काढून म्हटलं,
"रेशीम आहे साहेब. उसवलं की भोकं दिसतात."
ते काही बोलले नाहीत.
जाताना मशीनवर लिफाफा ठेवला.
(त्यालाही मायाच म्हणतात.)
तेओफिलो सायकलवर जाऊन परत देऊन आला,
पावती घेऊन. पोरगं माझ्यावर गेलंय.

पाच वर्षांनी त्यानं पट्टा काढला,
तो चष्म्यात अडकला.
सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं.
एक हात पट्ट्यात, एक काडी कानावर,
आणि नवा माणूस समोर मान वाकवून उभा.
तेवढ्यात देश कुणाकडे होता,
कुणी विचारलं नाही.
मी मात्र बघत होते, शिवण कुठे ताणली जातेय.
कुठेच नाही. बरं वाटलं.

आता तो सिनेटमध्ये बसतो, आजन्म.
बोलू शकतो, मत देता येत नाही.
आमच्याकडे जुन्या अध्यक्षाचं असंच असतं.
लोक म्हणतात, पहिल्या वर्षी फार बोलला.

परवा दारात उभा. एकटा.
बुटांना लाल माती, काखेत पँट.
"ढिली होते, दोन्या. कमरेत आत घ्या."
तेरेरे दिला तर बसून प्यायला,
बर्फ दातांनी फोडत.
मी खडूनं रेघ मारली. दोन इंच.
तो वाकून बघत होता.
"उरलेलं कापणार?"
"नाही, आतच ठेवीन," म्हटलं.
"माणूस पुन्हा भरतो."

त्यानं काहीतरी विचारायला तोंड उघडलं,
मग ग्लास खाली ठेवला.

गुरुवारी या, म्हटलं. संध्याकाळी.
सकाळी शाळेची पोरं असतात.