खिडकीवरचं तिकीट

शुक्रवार, रुवी. एसीखालची बादली मोरीत ओतून आलो
आणि बीबीसी मायक्रोचं झाकण काढलं.
स्क्रू चहाच्या बशीत.
आत वाळू. माझ्याही आधीची रहिवासी.

चिपला अठ्ठावीस पाय, एक वाकडा.
दाढीच्या पात्यानं सरळ केला, श्वास धरून.
खाच पुढे की मागे?
कुंजुमोननं न बोलता बोट दाखवलं: मागे.

पाठीवर तिच्या काचेची इवलीशी खिडकी.
तिच्यावर केळसकरांनी डकवलेलं
घरच्या पत्रावरून सोललेलं तिकीट,
अर्धा शिक्का, मालवणचा.
"ऊन लागलं की सगळं विसरते ती,"
परत जाताना म्हणाले होते,
विमानतळावर नव्हे, लिफ्टमध्ये,
दोन बॅगांच्या मधून.

दोन्ही अंगठ्यांनी दाबली.
कुरकुरली. बसली.

बटण. एक लांब सूर, एक आखूड.
हेल्प टाइप केलं, म्हणजे
आत कोण आहे, असं विचारलं.
तिनं नाव सांगितलं: फाइल-दुरुस्ती, आवृत्ती दोन.
आणि त्याखाली, कुणी न विचारता,
र. वि. के.

"चालतंय?" कुंजुमोन.
चालतंय, म्हटलं,
आणि तिकिटाचा सुटू पाहणारा कोपरा
नखानं पुन्हा दाबून ठेवला.
पडदा ओढलेलाच होता, तरी.