रकाना सातवा

हर्णै बंदराकडे पाठ करून उभी जकातीची जुनी कोठी,
वरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं संग्रहालय.
खाली संध्याकाळी पापलेटचा लिलाव,
वर माझा आवाज : हात लावू नका.
एकतीस वर्षं.

हुसेनमियां बुरोंडकर, जहाजावरचे फिटर,
दार-एस-सलामहून कायमचे परतले तेव्हा
सोनं आणलं नाही म्हणून घरात धुसफूस झाली.
आणल्या सात पेट्या :
बाहुल्या, स्टुलं, मानेखाली घ्यायचा लाकडी टेकू,
आणि भुशात गुंडाळलेलं एक डोकं.
"विकत घेतलंय बाई सगळं," ते पहिल्या दिवशी म्हणाले.
मग जिना उतरता उतरता,
"पण स्वस्तात."

प्रशिक्षणात मिळालेल्या टिपणात एक शब्द होता : आदिम.
पहिली चार वर्षं मी तो सहावीच्या पोरांना
वहीत उतरवून दिला,
वेलांट्या तपासून.

तो मोडला खवणीनं.
घडीचं स्टूल, पुढे चोचीसारखं पातं.
मी पाटी वाचतेय, 'पूर्व आफ्रिका, गृहोपयोगी',
तोवर पाजपंढरीची सुगंधा चोगले दोरीखालून शिरली,
पाय दुमडून बसली त्यावर
आणि हातात नसलेली नारळाची कवड फिरवू लागली.
"ही तर आमचीच. फक्त आमची मिटत नाय."
मी ओरडायला तोंड उघडलं होतं.
तिकडे हिला म्बुझी म्हणतात, म्हणजे शेळी,
हे हुसेनमियांनी पुढे सांगितलं, हसत.
पुढच्या तुकडीला मी आधी नारळ दिला, मग माहिती.

आणि ते डोकं.
मकोंडे लोकांचं, टोपासारखं घालायचं,
माणसाचे खरे केस लावलेलं.
रकाना पाचवा : लाकूड, केस, मेण.
रकाना सातवा, कर्ता : अज्ञात.
केळशीचा अनंत शिगवण, बाप शिमग्यात संकासुर होतो,
काचेला नाक लावून म्हणाला,
"अज्ञात म्हणजे नाव नव्हतं,
की कुणी विचारलं नाय?"
आणि मी गप्प म्हणून पुन्हा,
"आमच्याकडे झगा वर्षभर खुंटीला असतो.
तेव्हा तो संकासुर नसतो, बाई.
कापड असतं."

त्या रात्री नोंदवहीत लाल शाईनं अज्ञात खोडलं,
लिहिलं : विचारले गेले नाही.
लेखापरीक्षकाचा शेरा आला, नमुन्यात बसत नाही.
खरंच बसत नाही.
ठेवलं तसंच.

बाराव्या वर्षी कुठेतरी वाचलं,
आत कोण नाचतोय हे तिथल्या बायकांना
कळू द्यायचं नाही अशी रीत.
आणि कपाटाची किल्ली माझ्या मंगळसूत्राशेजारी.
आठवडाभर मी त्याच्यासमोर बोललेच नाही.
मग वर्गाला हेच सांगायला लागले :
हे मी बघू नये असं होतं,
आणि मीच तुम्हांला दाखवतेय.
मुलं अशा वेळी फार शांत बसतात.

"तुम्ही गेलायत का तिकडे?" दर वर्षी कुणीतरी विचारतं.
नाही.
सुवर्णदुर्गापर्यंत गेलेय, होडीनं, उलट्या करत.

आज शेवटचा दिवस. नारळ, शाल, भाषणं उरकली.
जिल्हा परिषदेच्या शाळेची अकरा मुलं उशिरा आली,
एसटी पंक्चर झाली म्हणून.
मी काच उघडली. हातमोजे सापडेनात.
डोकं उलटं केलं, म्हटलं,
नाचणारा डोळ्यांतून बघत नाही,
तोंडाच्या या फटीतून बघतो.
या, एकेक जण.

सगळ्यांत लहान मुलगी, जिचं नावही
मी विचारायची राहिले होते,
वाकली, डोळा न लावता नाक लावलं
आणि म्हणाली,
"घामाचा वास येतोय."

एकतीस वर्षं मी त्याची धूळ पुसली.
वाकले.
येत होता.

"तुझं नाव काय गं?" मी विचारलं,
आणि पेन शोधू लागले.