एक बोट कमी

पंचवीस चौकोन.
चोविसांच्या कडा कडांना मिळाल्या,
पंचविसावा एक बोट कमी.
उसवला, पुन्हा शिवला. पुन्हा एक बोट कमी.
हे तुझंच काम असणार, कुमुशकान.
मेल्यावरही दुसऱ्याचं माप चुकवायची खोड
तुलाच शोभते.

चुलीत गोवऱ्या धुमसतायत.
अट-बाशीचा बर्फ अर्ध्या खिडकीपर्यंत आलाय.
पोदोल्स्कचं मशीन माझ्यासारखंच,
गारठ्यात पाय आखडून बसतं.
त्याला थेंबभर तेल, मला वाटीभर चहा,
मग दोघं निघतो.

आयसुलूनं मॉस्कोहून पोतं धाडलंय,
बसच्या ड्रायव्हरनं तीनशे सोम मोजून घेतले.
शिवणखान्यातल्या टेबलाखालची कात्रणं :
कुणाच्या तरी कोटाचं जांभळं अस्तर,
गणवेशांच्या निळ्या चिंध्या,
रस्ते झाडणाऱ्यांच्या जाकिटाचं डोळ्यांत घुसणारं नारिंगी.
शहराला ऊब देऊन उरलेलं सगळं.
फोनवर म्हणाली, आई, लाल जरा जास्त घाल.
मागून कुणीतरी ओरडलं,
आणि फोन बंद.

लाल घातलं.
माझा शाळेतला गळ्यातला रुमाल कापला.
तो बांधून ज्या देशाची शपथ घेतली
त्या देशाचा आता पत्ता नाही,
रंग मात्र पक्का निघाला.

तिकोनी तुकड्याला आम्ही तुमार म्हणतो, ताईत.
टोकाला टोक लावायचं,
म्हणजे बाळाकडे निघालेली दृष्ट टोचून परत फिरते.
माझा यावर विश्वास नाही.
पण टोक बोथट राहिलं तर झोप लागत नाही.

बाळ मे महिन्यात येईल. आईशिवाय,
मावशीच्या मांडीवर, तीन दिवस तीन रात्री बसमधून.
आयसुलूला सुट्टी नाही.
म्हणून ही घाई, म्हणून हा चष्मा,
म्हणून मध्यरात्री पेटीच्या तळाशी हात घालून
एक बोटभर कापड शोधणं.

आणि हाताला काय लागावं?

तुझ्या मौतीला वाटलेलं ते कापड.
शेवाळी हिरवं, पांढऱ्या ठिपक्यांचं, ओबडधोबड फाडलेलं.
तुझ्या सुनेनं सगळ्या बायकांच्या हातात दिलं,
माझ्याही.
मी दाराजवळ उभी होते, बूट न काढता.
एकोणीस वर्षं आपण बोललो नव्हतो.
रात्री पाटाचं पाणी तू तुझ्या बटाट्यांकडे वळवलंस,
मी तुझं फावडं दगडावर आपटून मोडलं,
तू माझ्या म्हशीसारख्या चालण्याची
अख्ख्या गावाला नक्कल करून दाखवलीस.
(हुबेहूब केलीस म्हणे. माझा नवराही हसला होता.)

तरी तो तुकडा मी टाकला नाही.
असा तुकडा टाकत नाहीत.
एक्क्याण्णव वर्षं जगलीस तू, दातांसकट,
आणि अशा म्हातारीचं कापड बाळाच्या पांघरुणात शिवलं
की तिचं आयुष्य त्याला लागतं.
हे तर तुलाही ठाऊक होतं.
मग सुनेला म्हणाली असतीस ना,
त्या बातमाला वगळ म्हणून.
म्हणाली नाहीस.

बराच वेळ मी तो तुकडा मांडीवर घेऊन बसले.
चहा गार झाला. मशीनही.

शेवटी हातानंच शिवला.
मशीनला असले हिशेब कळत नाहीत.
शेवाळी पट्टी लालाशेजारी मुळीच शोभत नाही,
अंगणात भांडायला उभी राहिल्यासारखी दिसते.
एक कोपरा थोडा वर उचललाय,
तो मी दाबला नाही.
पंचविसावा चौकोन भरला.

घे. माझ्या नातीला पांघरूण घाल.
तुझे दात दे, तुझी वर्षं दे,
हवं तर तो आवाजही दे, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा.

पाण्याची पाळी मात्र त्या रात्री माझीच होती.