मुजावरांच्या दुकानातून

"टायगर बार्ब नको," मुजावर म्हणाले,
"शेपट्या कुरतडतो गप्पीच्या.
हा एंजल आज रुपयाएवढा,
दिवाळीला तुमचे निऑन गिळेल."

मग काय देता?
"आज झाडं. फक्त झाडं.
महिनाभर पाणी जुनं होऊ द्या,
मग आठ निऑन एकदम, एकटा खंगतो,
तळाला कोरी. बस."

हरभट रोडवरून घरी आलो
ओल्या कागदात व्हॅलिस्नेरिया गुंडाळून.
टाकी मांडली
भिंतीवरच्या पुराच्या रेघेच्या वीतभर वर.
शकू म्हणाली, मासे कुठायत?

रात्री दिवा लावला तर
पानाआडून आलेली एक गोगलगाय,
मोहरीएवढी,
कुणी न निवडलेली,
कुणाशी पटेल न पटेल हे न विचारता
काच चढत होती.

शकूनं खुर्ची जवळ ओढली.